शून्य वेगळं, कोरं वेगळं

संध्याकाळी पाचला आमच्याकडून एक कागद जावा लागतो. त्याला सिटरेप म्हणतात, म्हणजे परिस्थितीचा अहवाल. कुठे काय झालं, किती माणसं अडकली, किती घरं पडली, कोण कुठे काय वाटतंय, कशाची कमी आहे. दोन पानं, एक नकाशा, एक तक्ता. पूर येवो, वादळ येवो की भूकंप होवो, पहिले काही आठवडे हा कागद रोज निघतो आणि त्याच्यावर ट्रक निघतात. ताडपत्र्या कुठल्या गावी उतरवायच्या हे ज्याला ठरवायचं असतं, त्याला तिसरं पान वाचायला सवड नसते.

मी गोव्यात, साखळी या गावी बसून हे काम करतो. खिडकीतून वाळवंटी नदीच्या बाजूचे माड दिसतात, पण पूर बहुतेक वेळा दुसरीकडचे: आसाम, ओडिशा, बांगलादेशाचा किनारा. मदत संस्थांना माहिती जमवायचे फॉर्म बांधून द्यायचे आणि आलेली माहिती हात न लावता तपासली जाईल, जुळवली जाईल, पाचच्या कागदात जाऊन बसेल अशी सोय लावायची, हा माझा पोटाचा धंदा. गावात कोणी विचारलं तर "कॉम्प्युटरचं काम" म्हणतो. पुढचा प्रश्न पगाराचा असतो, तेव्हा मी पावसाचा विषय काढतो.

त्याआधी मी खाणीवर होतो. डिचोली तालुक्यातल्या माझ्या वयाच्या निम्म्या माणसांची हकीकत याच वाक्याने सुरू होते. मी डिस्पॅचला बसायचो. ट्रक काट्यावरून गेला की वजनाची पावती, ट्रकाच्या फेऱ्यांची ट्रिपशीट, जेटीवर बार्ज भरली की तिचा आणखी एक कागद, आणि दिवस मावळताना तिन्हींचा मेळ. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मध्ये थोडं हललं, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. नोकरी गेली, मेळ घालायची सवय तेवढी अंगात राहिली. आमचे हिशेबनीस एका बाबतीत फार कडक होते. रकान्यात शून्य लिहिलेलं असेल तर ट्रक आला नाही. रकाना कोरा असेल तर काहीच सांगता येत नाही: पावतीपुस्तक संपलं असेल, काट्यावरचा माणूस जेवायला गेला असेल, ट्रक दुसऱ्या काट्यावरून सुटला असेल. कोऱ्या रकान्याभोवती ते पेन्सिलीने गोल काढायचे आणि तो गोल खोडला जाईपर्यंत ऑफिसची दिवाबत्ती बंद होत नसे. आज माझ्या सगळ्या प्रोग्रॅमांच्या मुळाशी तो पेन्सिलीचा गोल आहे, पण तिथवर जायला थोडं आडवळण घ्यावं लागेल.

सिटरेप हाताने करायचे दिवस आधी सांगतो. प्रत्येक संस्था आपापली एक्सेल शीट पाठवते. एकीचा जिल्हा दुसऱ्या रकान्यात, दुसरीचा चौथ्यात. कोणी शीर्षकासाठी पाच रकाने जोडून टाकलेले, कोणी तारीख अक्षरांत लिहिलेली, कोणी "अंदाजे 200 ते 300" असं एका चौकोनात कोंबलेलं. दुपारी जेवण उरकलं की चिकटवाचिकटवी सुरू. साडेचारला फोन येतो, "तो कालचा आकडा बदला." म्हणजे बेरीज पुन्हा, नकाशा पुन्हा, तक्ता पुन्हा. यात अंग मोडायचं हे खरं, पण खरी गोम वेगळी होती. पाचला कागद जायचा तर दुपारी बारापर्यंतचीच माहिती घेता यायची. बारानंतर जे पडलं, वाहून गेलं, कळलं, ते दुसऱ्या दिवशीच्या कागदात. पुराच्या दुसऱ्या दिवशी पाच तास म्हणजे केवढा काळ, हे ज्याच्या दारात पाणी आलंय त्याला विचारा. आता माहिती साडेचारपर्यंत घेतो. स्वयंचलनाने काय साधलं असं कोणी विचारलं की मी हेच सांगतो. बाकी रंगीत आलेख आणि हलणारे नकाशे देणगीदारांच्या बैठकीत बरे दिसतात.

आता 2021 चा जुलै. 23 तारखेला म्हादई, रगाडा, खांडेपार, वाळवंटी या नद्या सगळ्या एकदम चढल्या. 1982 नंतरचा सर्वांत मोठा पूर, असं मुख्यमंत्री म्हणाले. दूधसागर घाटात दरड येऊन मंगळूरहून मुंबईला निघालेली गाडी रुळावरून घसरली ती त्याच दिवशी. सत्तरी तालुक्यात मातीच्या भिंतींची घरं बसली, पैकुळचा पूल गेला, कुळागरांतून, म्हणजे माड-पोफळीच्या बागांतून, पाणी फिरलं. पाणी जितक्या घाईने आलं तितक्याच घाईने उतरलं आणि मागे चिखल राहिला.

माहिती येत होती, नाही असं नाही. व्हॉट्सॅपवर धो धो येत होती. वहीच्या पानाचे फोटो, अर्धं पान अंगठ्याखाली झाकलेलं. तीन मिनिटांचे आवाजी निरोप, त्यातली दोन मिनिटं वाऱ्याची. एकाच पडलेल्या घराचे चार बाजूंनी काढलेले चार फोटो चार ग्रुपांवर, आणि संध्याकाळपर्यंत ती चार घरं झालेली. एक यादी पंचाने केलेली, एक युवक मंडळाने, एक देवळाच्या समितीने, एक कुठल्या तरी पक्षाच्या पोरांनी. चौघेही मनापासून राबत होते. चारही याद्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आमच्या ओळखीच्या मंडळाच्या पोरांसाठी मी कोबोवर फॉर्म बांधायला घेतला. कोबो टूलबॉक्स हे मदतकार्यासाठीच बनवलेलं साधन, हार्वर्डच्या मानवतावादी उपक्रमातून निघालेलं. त्याच्या पोटात ओडीकेचं, म्हणजे ओपन डेटा किटचं, तंत्र आहे, जे 2008 पासून वॉशिंग्टन विद्यापीठात वाढलं. दोन्ही खुल्या स्रोताची. फॉर्म एक्सेलमध्येच लिहायचा: एका शीटवर प्रश्न, दुसऱ्यावर उत्तरांचे पर्याय. कुठला प्रश्न कधी दिसावा, कुठलं उत्तर चालणार नाही, हे शेजारच्या रकान्यात. मराठी, कोंकणी, इंग्रजी अशा तिन्ही भाषा एकाच फॉर्मात ठेवता येतात. पोरं आपल्या सोयीने बदलतात. सगळ्यात मोठा गुण म्हणजे रेंज लागत नाही. फॉर्म फोनमध्ये भरून राहतो, जीपीएसचं ठिकाण आणि फोटो त्याच्याच पोटात, आणि माणूस सड्यावर चढून दोन काड्या रेंज मिळाली की आपसूक जातो. ज्यांनी सत्तरीत पावसाळा काढलाय त्यांना या एका गुणाची किंमत वेगळी सांगायला नको.

फॉर्म दाखवायला मी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त तलाठीबाबांकडे गेलो. पंचनाम्यांत हयात गेलेला माणूस. ओसरीवर बसून त्यांनी फोन लांब धरला, चष्मा वर सारला आणि एकेक प्रश्न वाचायला लागले. घरात शौचालय आहे का, या प्रश्नावर थांबले.

"हें कित्याक?"

"नंतर उपयोगी पडतं, बाब. पुढच्या योजनांना."

"मागीर विचार. आयज तिचें घर पडलां." म्हणजे, नंतर विचार; आज जिला विचारतोस तिचं घर पडलंय.

त्यांची चाळणी सोपी होती. उत्तर मिळाल्यावर आज कोणी काही वेगळं करणार आहे का? नसेल तर प्रश्न काढ. शिक्षण गेलं, व्यवसाय गेला, जात गेली. आधार क्रमांकही गेला, त्याचं कारण पुढे येईल. राहिलं ते एका पडद्यावर मावणारं: ठिकाण, किती चुली, किती माणसं, त्यात लहान मुलं, म्हातारी, अंथरुणावर कोणी आहे का, रात्री झोपायला जागा आहे का, पिण्याचं पाणी कुठून, आणि एक फोटो.

"किती चुली" हा शब्द त्यांचाच. माझ्या फॉर्मात "कुटुंबांची संख्या" होतं. आमच्याकडे एका घरक्रमांकात तीन भाऊ राहतात, घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर, रेशनकार्डं तीन, दार एक. घर मोजलं तर एक, कार्ड मोजलं तर तीन, आणि "कुटुंब किती" विचारलं तर थोरला म्हणणार एकच, धाकट्याची बायको म्हणणार तीन. चूल विचारली की कोणी वाद घालत नाही. भांड्यांचे संच, तांदळाच्या पिशव्या चुलीच्या हिशेबाने जातात, पाणी माणसांच्या. स्फिअर या मदतकार्याच्या जागतिक मापदंडांप्रमाणे माणशी दिवसाला किमान 15 लिटर. माणसांचा आकडा आला की हा गुणाकार यंत्र करतं.

नुकसान किती, या प्रश्नावर मात्र आम्ही बराच वेळ अडलो. सरकारी निकषात अंशतः नुकसान म्हणजे निदान 15 टक्के. आता पावसात भिजत उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराने मातीच्या भिंतीचे 15 टक्के कसे ओळखायचे? शेवटी टक्का काढूनच टाकला. पर्याय ठेवले ते डोळ्यांना दिसणारे: छप्पर उडालं, एक भिंत पडली, एकाहून जास्त पडल्या, घर उभंच नाही. टक्का आणि पंचनामा तलाठ्याचा. मंडळाच्या पोराने सरकारी निवाडा करायला गेलं की त्याच संध्याकाळी वाड्यावर भांडण, हे तलाठीबाबांचं म्हणणं, आणि त्यात मला काहीही जोडायचं नाही.

इथवर माणसांचं काम. पुढचं यंत्राचं, आणि ते खरं तर कंटाळवाणं आहे, म्हणूनच यंत्राला द्यायचं. सर्व्हरवर फॉर्म आला की दर अर्ध्या तासाने एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, नवं आलेलं एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमांनी माहिती मागायच्या वाटेने, उचलतो, तपासतो, जुळवतो, बेरजा करतो, नकाशा रंगवतो आणि सिटरेपच्या साच्यात आकडे ओततो. मी आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरतो, कोणी पायथन वापरतं, काही जण एक्सेलच्या पॉवर क्वेरीवर उत्तम निभावतात. ज्या संस्थेत माझ्यामागे सांभाळायला दुसरं कोणी नाही तिथे मी हटकून पॉवर क्वेरीच देतो. हुशार प्रोग्रॅम लिहून निघून जाणाऱ्यांनी या क्षेत्रात फार घाण करून ठेवली आहे. ऐन पुरात तो बंद पडतो आणि मग लोक पुन्हा वही काढतात, तेही बारा तास फुकट गेल्यावर.

जुळवणीत सर्वांत जास्त वेळ खातात ती गावांची नावं. साखळी हे कोणी सांकेलीम लिहितो, कोणी संखाली. पेडणे आणि पेरनेम, केपे आणि क्वेपेम, काणकोण आणि कानाकोना. माणसाला कळतं, यंत्राला ही नऊ वेगळी गावं. उलटं प्रकरण त्याहून वाईट: सावर्डे सत्तरीत एक आहे, कुडचड्याच्या शेजारी दुसरं. नुसतं "सावर्डे, 12 घरं" असा निरोप आला आणि ताडपत्र्या घेऊन ट्रक दक्षिणेकडे वळला तर परत फिरवेपर्यंत दिवस संपतो. म्हणून फॉर्मात गावाचं नाव टाइप करायला द्यायचंच नाही. आधी तालुका निवडायचा, मग त्याच तालुक्यातल्या पंचायती दिसतात, मग गावं. आणि प्रत्येक नावामागे सांकेतिक क्रमांक. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी आहे, तीत प्रत्येक पंचायतीला आणि गावाला क्रमांक दिलेला असतो. जगभरच्या मदतकार्यात यालाच पी-कोड म्हणतात, आणि संयुक्त राष्ट्रांच्या ओचा या मदतकार्य जुळवणाऱ्या कार्यालयाने 2014 मध्ये उघडलेल्या माहितीभांडारात देशोदेशींचे असे कोड ठेवलेले आहेत. दोन याद्या जुळवायच्या तर नावावरून जुळवू नका, क्रमांकावरून जुळवा. नवीन पोरांना पहिल्या दिवशी मी एवढंच शिकवतो.

दुबार नोंदींचं काय, तर यंत्र पकडतं पण निम्मंच. वीस मीटरच्या आत, तेवढ्याच चुली, तेवढीच माणसं, असं दिसलं की दोन्ही नोंदी पिवळ्या होतात. पुसायची परवानगी मी यंत्राला देत नाही. भिंतीला भिंत लागलेली दोन भावांची घरं अगदी अशीच दिसतात. 2018 च्या पुरात केरळात स्वयंसेवक प्रोग्रॅमरांनी सरकारच्या आयटी मिशनच्या साथीने वेबसाइट उभी केली. एकाच अडकलेल्या घरासाठी नातेवाईक, शेजारी, दुबईतला मुलगा असे सगळे विनंती टाकत होते. नोंदी नीट करायला शेवटी माणसं फोनवर बसली. एकेकाला फोन लावून, "तुम्ही सुटलात का?" विचारून. मला ते कमीपणाचं वाटत नाही. पिवळ्या नोंदींसाठी दोन माणसं आणि दोन फोन हा माझ्या आराखड्यातला ठरलेला खर्च आहे.

आता तो पेन्सिलीचा गोल.

त्या जुलैत एका संस्थेचा नकाशा फिरत होता, नाव नको. तालुके रंगवलेले, पुराने जास्त लागलेली गावं गडद लाल, कमी लागलेली फिकट, आणि काही गावं स्वच्छ पांढरी. पांढऱ्यांत नदीपलीकडचे वाडे होते, जिथे जायचा रस्ताच उरला नव्हता. तिथे कोणी पोचलं नव्हतं, म्हणून फॉर्म नव्हता, म्हणून बेरीज शून्य, म्हणून पांढरं. नकाशा बघणारा म्हणणार, वा, इथे काही झालं नाही. हाताने तक्ता करणारा माणूस निदान थबकतो, "अरे, यांचं काही आलंच नाही." बेरीज करणारं यंत्र थबकत नाही. त्याला कोऱ्याची बेरीज करायला सांगितली की ते बिनदिक्कत शून्य लिहितं, आणि शून्य एकदा छापलं की ते खरं दिसतं.

आपत्तीत गप्प असलेलं गाव बहुतेकदा सर्वांत जास्त लागलेलं असतं. मोठ्या प्रमाणावर हेच इंडोनेशियात झालं. 28 सप्टेंबर 2018 ला सुलावेसी बेटावर 7.5 तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामी आली. पालू शहराच्या बातम्या, चित्रं जगभर गेली. शेजारच्या डोंगाला आणि सिगी भागातून पहिले दिवस फारसं कळतच नव्हतं, कारण रस्ते आणि संपर्क दोन्ही तुटले होते. तिथलं मौन ही स्वतःच एक बातमी होती.

म्हणून माझ्या साच्यात पहिल्या पानावर सर्वांत वर तक्ता येतो तो आकड्यांचा नाही, गप्प गावांचा. कुठल्या गावाकडून शेवटचं कधी ऐकलं, किती तास झाले, तिथे जाणारा रस्ता चालू आहे का, गावात ओळखीचं कोण आहे. बारा तासांहून जास्त झाले की ओळ लाल. खरंच काही झालं नसेल तर तिथल्या कोणीतरी "काही झालं नाही" असा फॉर्म भरायचा. त्यासाठी वेगळं बटण आहे, तीन सेकंदांचं काम. मग तिथे शून्य लिहायचा हक्क मिळतो. नकाशावर कोरी गावं पांढरी ठेवत नाही, करड्या तिरप्या रेघांनी भरतो. दिसायला कुरूप दिसतं. एका देणगीदार संस्थेच्या बाईंनी "या रेघा काढता येतील का, नकाशा जरा अपूर्ण वाटतो" असं मला विचारलं होतं. अपूर्ण आहेच, मॅडम.

उपग्रह हे सगळं करतील असं म्हणणारेही भेटतात. काही ठिकाणी करतात. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले, नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बादल्या भरून पाणी ओतत होती, तेव्हा नासाच्या फर्म्स या सेवेवर आगीचे ठिपके काही तासांत दिसत होते. ते खाली उतरवून घेणारा प्रोग्रॅम लिहायला दुपार पुरते. पण पावसाळ्यात आमच्यावर ढगांची गोधडी असते. साधा कॅमेरावाला उपग्रह आंधळा. युरोपचा सेंटिनेल-1 रडारने ढगांपलीकडचं पाणी पाहतो, पण तो रोज डोक्यावरून जात नाही, आणि सत्तरीतला पूर सकाळी येऊन संध्याकाळी ओसरलेला असतो. आसामात, जिथे पाणी आठवडे साचून राहतं, तिथे तोच उपग्रह फार कामाचा. साधन चांगलं की वाईट हे नदी बघून ठरतं.

फॉर्मातून आधारचा प्रश्न का गाळला ते आता. पुराच्या दिवसांत याद्या हातोहात फिरतात. नाव, फोन, घराचं नेमकं ठिकाण, "एकटी राहते", "दार तुटलं", असं सगळं एका ओळीत, आणि ती शीट दीडशे माणसांच्या ग्रुपवर. चांगल्या हेतूने. ज्याला त्या एकट्या बाईच्या घराचा पत्ता कळायला नको त्यालाही कळतो. जिनिव्हाच्या रेडक्रॉस समितीसारख्या जाणत्या संस्थेच्या सर्व्हरवर हल्ला झाल्याचं 2022 च्या जानेवारीत उघड झालं आणि ताटातूट झालेल्या, बेपत्ता, कैदेतल्या अशा 5,15,000 हून अधिक माणसांची माहिती परक्या हाती लागली. त्यांच्याकडून जाऊ शकते तर आमच्या मंडळाच्या लॅपटॉपचं काय घेऊन बसलात. 2023 च्या आपल्या माहिती संरक्षण कायद्यात आपत्तीत मदत पोचवण्यासाठी संमतीवाचून माहिती वापरायची मुभा आहे. मुभा आहे म्हणून हात पसरायचा नाही. माझ्या फॉर्मातली नावं आणि फोन वेगळ्या तक्त्यात जातात, तो दोघांनाच उघडतो, आणि काम संपल्यावर पुसायची तारीख आधीच घातलेली असते. ग्रुपवर जातो तो फक्त गावाचा गोषवारा. लहान वाड्याचा तोही नाही, कारण "एक घर, एक माणूस" म्हटलं की गावात कोणाला नाव सांगावं लागत नाही.

हल्ली नवीन मागणी सुरू झाली आहे: आकड्यांवरून मजकूरही यंत्रानेच लिहावा, आणि पाचला कागद परस्पर रवाना व्हावा. मजकुराचा कच्चा खर्डा यंत्राने दिला तर माझी हरकत नाही, आमच्या सिटरेपांची भाषा तशीही यंत्राने लिहिल्यासारखीच असते. परस्पर रवाना होण्याला मात्र मी अजून हो म्हटलेलं नाही. कागद साडेचारला तयार असतो. पुढचा अर्धा तास एका माणसाने गप्प गावांची यादी वाचायची, तिथे फोन लावायचे, कालपेक्षा दुप्पट झालेल्या आकड्यांसमोर कारण लिहायचं, आणि मग बटण दाबायचं. ते बटण मी मुद्दाम मोठं आणि लाल ठेवलंय. त्याच्याखाली दाबणाऱ्याचं नाव छापून येतं. नाव छापलं जाणार म्हटल्यावर माणूस आकड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहतो, हे मी काट्यावरच्या पावत्यांपासून पाहत आलोय.

सध्या या कामातली एक अडचण निस्तरतोय. सरकारी क्रमांक गावापाशी थांबतात. वाड्याला क्रमांक नाही. आणि आमच्याकडे पूर गावाला येत नाही, वाड्याला येतो. एका गावातला वरचा वाडा कोरडा असतो आणि खालच्या वाड्यात छपरापर्यंत पाणी. म्हणून पंचायतीच्या प्रभागांवरून आणि लोकांना विचारून मी वाड्यांची यादी करतोय, प्रत्येकाला गावाच्या क्रमांकापुढे दोन आकडे जोडून. सत्तरी आणि डिचोली बऱ्यापैकी झालं. काणकोण मागे आहे, आणि तेच मागे राहायला नको: 2 ऑक्टोबर 2009 ला तिथे काही तासांच्या पावसाने तळपण आणि गालजीबागेच्या खोऱ्यांत शेकडो घरांचं नुकसान केलं होतं. गावडोंगरी, खोतीगाव, पैंगीण या बाजूचं कोणी हे वाचत असेल तर मला तीनच गोष्टी कळवा. तुमच्या वाड्याला गावात काय म्हणतात, तिथे पोचायला वाटेत कुठला ओहळ ओलांडावा लागतो, आणि पावसात फोनला रेंज नेमकी कुठे मिळते.